व्हिएतनामच्या खर्चात आत्याचा आंबा

एकदा तरी परदेशात जायचंच, असं धीरज लग्नापासून म्हणत होता. पण त्याचं म्हणणं म्हणजे सोमवारपासून व्यायाम सुरू करणाऱ्याचं म्हणणं. खरं मनावर घेतलं ते दिशाने, त्याच्या बायकोने. ती पालघरला एका पतपेढीत कामाला. लोकांचे हप्ते वसूल करता करता स्वतःच्या घरातला रुपया कुठून निघतो आणि कुठे मुरतो, हे तिला बरोब्बर कळायचं. दिवाळी आटोपल्यावर एका रविवारी तिने जाहीर करून टाकलं, "मे महिन्यात व्हिएतनाम. उन्नती सहावीत जायच्या आत. मग एकदा क्लास सुरू झाले की संपलंच."

"व्हिएतनामच का पण?"

"कारण युरोप परवडत नाही, आणि गोव्याला तुम्ही दरवर्षी कंपनीतल्या टोळक्याबरोबर जाऊन येता."

तारापूरच्या एमआयडीसीत औषधांच्या कारखान्यात धीरज शिफ्ट सुपरवायझर. तिथे त्याच्या एका हाकेवर माणसं सरळ होत. घरी मात्र तोच सरळ होत असे.

मग उमरोळीच्या त्या घरात काटकसरीचा हंगाम सुरू झाला. नवा फ्रिज पुढच्या वर्षावर गेला. उन्नतीचा वाढदिवस घरच्या घरी, पावभाजीवर भागला. बोईसरच्या हॉटेलात महिन्यातून एकदा जायचं, तेही बंद. अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात. दिशाने अंथरूणच ताणायला घेतलं होतं. विमान, हॉटेल, तिथलं फिरणं, हातखर्च, सगळं तिने मोबाइलवर मांडून ठेवलं होतं आणि रोज जेवणं झाली की दोघं त्यावर वाद घालत. वाद गोड होता. उन्नती मध्येच विचारायची, "बाबा, विमानात खिडकी आपली ना?" आणि धीरजला वाटायचं, या पोरीसाठी काय वाट्टेल ते करावं.

जानेवारीत टूरवाल्याने खरं तोंड उघडलं. त्याने आधी सांगितलेल्या आकड्यात म्हणे व्हिसा नव्हता, विमा नव्हता आणि वरचा टॅक्सही नव्हता. म्हणजे होतं तरी काय त्यात, त्याची दाढी? दिशा दोन दिवस धुसफुसत राहिली. सोंग सगळ्याचं आणता येतं, पैशाचं नाही. वीसेक हजारांचं भगदाड पडलं होतं आणि ते बुजवायला घरात काही उरलं नव्हतं.

अशा वेळी प्रताप आला.

धीरजच्या घरामागे आंब्याची वाडी आहे. वडिलांच्या हातची कलमं. दरवर्षी मोहोर आला की प्रताप येऊन झाडं बघायचा, एकरकमी भाव ठरवायचा आणि अर्धे पैसे लगेच, अर्धे फळ उतरल्यावर देऊन सगळी वाडी मक्त्याने घ्यायचा. मग राखण त्याची, तोडणी त्याची. फक्त एक झाड सोडून. विहिरीकडचा जुना रायवळ आंबा मक्त्यात कधीच धरला जात नसे. ते आत्याचं झाड.

जयवंतीआत्या म्हणजे धीरजच्या वडिलांची, धर्माजीची, एकुलती एक बहीण. दिलेली कुंभवलीत. आजोबा गेल्यावर जमिनीचे कागद व्हायचे होते, तेव्हा ती पालघरला आली आणि हक्कसोडपत्रावर सही करून गेली. दोन एकर सोडले, एका शब्दाने कुरकुरली नाही. बाहेर पडताना धर्माजी तिला म्हणाला होता, "बाय, जमीन माज्या नावावर झाली, पण विहिरीवरचा आंबा तुजा. तू हायस तवर तुजा."

सासरी तिला यावरून कमी ऐकावं लागलं नाही. दोन एकर देऊन झाड घेऊन आली, अशी शहाणी सून आमच्याच नशिबी! पण आत्या खमकी. दरवर्षी अक्षय्य तृतीया झाली की ती आकडी घेऊन उमरोळीला यायची, स्वतःच्या हाताने कैऱ्या पाडायची, आणि भरलेल्या पिशव्या कुंभवलीच्या ओटीवर अशा आदळायची की आळीभर कळावं, हिचं माहेर जिवंत आहे. तिच्या लोणच्याची बरणी घरोघर जायची. देताना एकच वाक्य, "माज्या झाडाचं हाय हो." धर्माजी गेला तरी यात फरक पडला नव्हता.

तर प्रताप म्हणाला, "धीरजशेठ, यंदा सगळी वाडी द्या. ते विहिरीवरचंपण. लोणचंवाले रायवळ कैरीला चांगला भाव देतात. आणि भावापेक्षा सांगतो, राखणीच्या दिवसांत बाहेरचं माणूस आत नको मला. एकाचं बघून दहा येतात. मोकळी वाडी दिलीत तर वीस वाढवतो."

वीस! बरोबर भगदाडाएवढे. धीरजने नको म्हणायला तोंड उघडलं, ते तसंच उघडं राहिलं, आणि प्रतापने त्याचा अर्थ हो असा घेतला. निदान धीरज स्वतःला पुढे कित्येक दिवस असंच सांगत राहिला.

दिशाने विचारलंच. पतपेढीतली बाई, ती कशी विसरेल? "आत्यांचं झाड दिलंत? त्यांना विचारलंत का?"

"सांगितलं. म्हणाली, एक वर्ष काय मोठंसं."

कुठे सांगितलं होतं? कुंभवली त्याच्या कारखान्याच्या कुंपणापलीकडे. मोटरसायकल वळवली असती तर पाच मिनिटांत आत्याच्या दारात. पण उद्या जाऊ, परवा जाऊ करत त्याने तो रस्ताच टाकला. आणि अगदीच काही वाटलं नाही असंही नाही हं. त्याने दिशाला सांगून खर्चात एक बाब घालून घेतली होती: आत्याला बाजारातून कैऱ्या, दोन हजार. तेवढ्यावर त्याच्या जिवाला बरं वाटलं. मग मार्चमध्ये उन्नतीने व्हिएतनामच्या हा लाँग खाडीत, डोंगरांमधून फिरणाऱ्या बोटीचा व्हिडिओ पाहिला आणि बोटीवर रात्र काढायचा हट्ट धरला. पुन्हा कापाकापी आली. दिशा म्हणाली, "माझ्या खरेदीतले काढा." धीरज म्हणाला, "राहू दे, कैऱ्यांचे काढ. आत्याकडे काय, नंतर बघता येईल."

दिशाने काढले. तिला बिचारीला काय माहीत?

मे महिन्याच्या पहिल्या शनिवारी तिघं पालघरला टूरवाल्याच्या ऑफिसात शेवटचे पैसे भरायला गेली. एसी चालू होता, भिंतीवर आयफेल टॉवर होता, टूरवाला गोड गोड बोलत होता. धीरजने कार्ड काढलं आणि फोन वाजला. वाडीतला राखणदार रामा. प्रतापने ठेवलेला, जव्हारकडचा म्हातारा.

"साएब, येक म्हातारी बाय आलीय. विहिरीवरच्या कैऱ्या पाडते. माजाच झाड हाय बोलते. तुमी वळखता का तिला?"

दिशाने मान वर केली. "कोण हो?"

आता तुम्हीच सांगा, त्याला किती सोपं होतं! आत्या आहे, घेऊ दे तिला, एवढंच म्हणायचं होतं. प्रतापने बोंब मारली असती, मारू दे. दिशाने डोळे वटारले असते, वटारू दे. पण समोर टूरवाला कार्डासाठी हात पुढे करून बसलेला, शेजारी उन्नती व्हिएतनामचा नकाशा मांडीवर पसरून, आणि दिशा एकटक बघतेय. आत्याला सांगितलंच नव्हतं, हे आत्ता इथे उघडं पडणार. माणूस मोठ्या पापाला घाबरतो आणि लहानशा लाजेपायी तेच करून बसतो.

"नाही," धीरज म्हणाला. "मी नाही ओळखत. कोणालाच आत घेऊ नको. जायला सांग."

"कोण होतं?" दिशाने पुन्हा विचारलं.

"कोणी नाही. कैऱ्या चोरायला आलं होतं कोणीतरी."

कार्ड मशीनला लागलं. उन्नतीने टाळ्या वाजवल्या.

संध्याकाळी घरी आल्याबरोबर तो वाडीत गेला. विहिरीपाशी बुंध्याला कैऱ्यांचा ढीग होता. रामा चुलीत काटक्या सारत बसला होता.

"गेली का ती?"

"गेली. भांडली नाय, काय नाय. पिशवीतल्या कैऱ्या हितंच वतल्या. पाणी इचारलं तं नको बोलली."

"तिने... फोनवरचं ऐकलं काय रे?"

"ऐकंल ना साएब! मला कानांनी कमी, मी फोन मोठ्यानंच लावतो. तुमचा आवाज आला तशी हसली पयली. बोलली, ह्यो माजा भाचा, आता सांगंल तुला." रामा हसला. "अशी सोंगा लय करतात साएब. तुमी नाय बोलला तवा गप झाली."

अरे बाबा, ती सोंग करत नव्हती, सोंग मी केलं, एवढं त्या म्हाताऱ्याला सांगायचंही धैर्य धीरजला झालं नाही. तो तसाच परत फिरला. जेवताना घास गिळेना. "ॲसिडिटी," म्हणून दिशाला सांगितलं. खाई त्याला खवखवे.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात काम आहे असं सांगून तो निघाला. खोट्याला खोटं जोडायची आता सवयच लागली होती. बोईसरच्या बाजारात त्याने हापूसची पेटी घेतली, पन्नास किलोचं पोतं भरून कैऱ्या घेतल्या. घरी वाडी असलेला माणूस बाजारात आंब्याचा भाव विचारत उभा राहिला, तेव्हा ओळखीच्या फळवाल्याने भुवया उंचावल्या. धीरजने तिकडे पाहिलं नाही. कैऱ्या आत्यापुढे ठेवायच्या, पाय धरायचे आणि सगळं सांगून मोकळं व्हायचं, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. मार म्हणावं दोन थोबाडीत.

दार हेमालीने उघडलं, आत्याच्या सुनेने. "या या भाऊजी! अहो, तुमच्याकडे यंदा मोहोर करपला म्हणे? आई काल रिकाम्याच परत आल्या. म्हणाल्या, विहिरीवरच्या झाडाला औषधालासुद्धा कैरी नाही."

धीरज उंबऱ्यातच थबकला. आत्या आत खाटेवर बसली होती. तिने त्याच्याकडे पाहिलं, अगदी नेहमीसारखं.

"बस रे. अगं, संक्रांतीला आभाळ होतं ना, तेनं करपला," ती सुनेला म्हणाली. "झाडाचा काय दोष? नाय रे धीरज?"

हेमाली त्याच्या तोंडाकडे बघत होती. ओटीवर शेजारची एक बाई येऊन टेकली होती, तीही बघत होती.

"हो," धीरज म्हणाला. "करपला."

"तरी भाच्यानं इकत घेऊन आणल्या बघ," आत्या शेजारणीला म्हणाली. "रिकाम्या हातानं यायचा नाय तो. बापाचं वळण हाय."

चहा आला, तो त्याने प्यायला. ट्रिपचं उन्नतीने तिला कधीच फोनवर सांगून टाकलं होतं. आत्याने उन्नतीची चौकशी केली, विमान किती वाजता सुटतं, तिकडे भात मिळतो का, सगळं विचारलं. दिशाला सांग, पोरीला स्वेटर घे, विमानात गारठा असतो म्हणतात. प्रत्येक प्रश्नाला तो उत्तर देत गेला. कोणी त्याला कोयत्याने सोललं असतं तरी बरं, असं त्याला वाटत होतं. थोबाडीत खायला आलेल्या माणसाला कोणी बशीभर खारी बिस्किटं वाढावीत, त्याने काय करायचं?

निघताना ती त्याला पोचवायला फाटकापर्यंत आली. तिथे दोघंच होती. धीरजचा बांध फुटला.

"आत्या, मी ओळख नाकारली तुझी. दिशाला खोटं सांगितलं होतं मी, ती शेजारी बसलेली, मी घाबरलो. हलकट आहे मी. प्रतापचे पैसे परत करतो, ट्रिप रद्द करतो. उद्या ये तू, मी स्वतः उभा राहतो झाडाखाली."

"गप. पोरगी वाट बघत आसंल. पैसे भरलेस ना? मग जावा, फिरून या." तिने त्याच्या शर्टाच्या खांद्यावरची धूळ झटकली. "आन उद्या काय येऊ? तू उभा राहणार म्हणून? भावाच्या घरी मी कदी कोणाला उभा करून आले काय?"

"मग मी काय करू, सांग."

तो रडत होता आणि ती त्याला रडू देत होती. आतून हेमालीने हाक मारली तशी ती वळली, फाटकाची कडी लावायला लागली आणि थांबली. मग सुनेला ऐकू जाणार नाही अशा बेताने तिने विचारलं,

"धीरज, पुडल्या वर्सी पण मोहोर करपणार हाय काय रे? आदीच सांगून ठेव. मला हितं काय तरी सांगावं लागतं."