पंखाखालची तार

सकाळी आठच्या सुमाराला मालवाहू विमान उतरलं आणि उतरता उतरता त्याचा डावा पाय, म्हणजे चाकांचा दांडा, मोडला. दोघे वैमानिक शिडीने खाली आले. एकाच्या कपाळाला टेंगूळ, बाकी धडधाकट. विमान मात्र डाव्या पंखावर कलंडून धावपट्टीच्या ऐन मध्यावर बसलं. धावपट्टी एकच. तिथून उडणाऱ्या आणि तिथे उतरणाऱ्या सगळ्यांचंच घोडं अडलं आणि उचलबाईला बोलावणं गेलं.

उचलबाई म्हणजे अशी बसलेली विमानं उचलणाऱ्या पथकाची प्रमुख. हे नाव तिच्याच माणसांनी पाडलेलं. पहिल्या वर्षी ती चिडायची, आता फोन उचलल्यावर स्वतःच तसं सांगायची. बावीस वर्षांत तिने अकरा विमानं उचलली होती. हे बारावं. आणि या बाराव्याच्या याच डाव्या पायावर चार दिवसांपूर्वी तिच्या धाकट्या भावाने काम केलं होतं.

आई गेली तेव्हा धाकटा नऊ वर्षांचा होता. तिनेच त्याला वाढवलं, तिनेच या धंद्यात आणलं. आज त्याला घरीच थांबायचा निरोप गेला होता. ती निघाली तेव्हा तो स्वयंपाकघरात उभा होता आणि चहा गार होत होता. "ताई, मी बोल्ट दोनदा तपासले होते गं," एवढंच तो म्हणाला. तिने बूट चढवले आणि ती बाहेर पडली.

तिने ही गोष्ट आधीच विमानतळाच्या व्यवस्थापकांना सांगून टाकली. ते म्हणाले, दुसरं पथक सहा तासांच्या वाटेवर आहे, तुम्हीच सुरू करा, तपास अधिकाऱ्यांच्या कानावर मी घालतो. तपास अधिकारी बारीक चणीचे, मोजकं बोलणारे. त्यांनी वहीत टिपून घेतलं आणि फोटो काढेपर्यंत पायातल्या कशालाही हात लावायचा नाही, असं बजावलं.

विमान उचलणं हे घाईचं काम नव्हे, आणि घाई तर सगळ्यांनाच. आधी पोटातला माल उतरवायचा, मग इंधन काढायचं, मग पंखाखाली एकावर एक रबरी पिशव्या रचून त्यांत बेताबेताने हवा भरायची. पंख एका बाजूला घसरू नये म्हणून दोर ताणायचे. व्यवस्थापक दर पंधरा मिनिटांनी अजून किती वेळ म्हणून विचारत, आणि ती दर वेळी तेच सांगे, की विमानाला विचारा. अकराला पिशव्या फुगू लागल्या. बोटभर, मग वीतभर. साडेबाराला पंख माणूस आत जाईल इतका उचलला गेला.

तिच्या पथकात एक रीत होती. पंख उचलल्यावर पहिल्यांदा खाली जायचं ते प्रमुखाने आणि एकट्याने. पिशवी फाटलीच तर एकाच माणसाच्या जिवावर बेतावं, एवढाच त्यामागचा हिशोब. ही रीत तिनेच घालून दिली होती आणि कधी मोडली नव्हती. ती बॅटरी घेऊन सरपटत आत गेली.

पाय मोडून वळल्यामुळे एरवी न दिसणारी मागची बाजू आता समोर आली होती. बोल्ट सुटू नये म्हणून त्याच्या डोक्यातल्या भोकातून तार ओवून ती शेजारच्या बोल्टला पिळून बांधतात. तार अशा बाजूने न्यायची, की बोल्ट सुटायला लागला तर तीच त्याला आवळेल. पुढचे दोन बोल्ट तसेच बांधलेले होते, अगदी नमुन्यादाखल ठेवावेत असे. मागच्या दोन बोल्टांची तार उलट्या बाजूने गेली होती. पीळ देखणा, पण बोल्टांना सुटायला रान मोकळं. एक तर अर्धा बाहेर आला होता.

तिच्या कमरेला पक्कड होती. एक चिमटा, तार खिशात, बस्स. एवढ्या मोडतोडीत एक तार तुटून पडली तर कुणाला काय कळणार? तिचा हात पकडीपर्यंत गेलाही. आणि तो पीळ बघता बघता तिला जेवणाचं टेबल आठवलं. तिथेच तिने त्याला तार बांधायला शिकवलं होतं. ती या बाजूला, तो समोर. तिचे हात बघून तो गिरवायचा, आणि समोरून बघितलेलं सगळंच उलटं बसतं. पुढचे बोल्ट त्याने डोळ्यांनी पाहून बांधले. मागे डोळा पोचत नव्हता, तिथे हात सवयीने चालले. लावून दिलेली सवय. तिने.

पक्कड तिने काढलीच नाही. ती बाहेर आली, कपडे न झटकता थेट अधिकाऱ्यांपुढे उभी राहिली आणि कॅमेरा घेऊन या म्हणाली. फोटो झाल्यावर तिने सगळं सांगितलं, टेबलासकट. पाय कशामुळे मोडला हे ठरायला महिने लागतील, असं ते म्हणाले. मग अहवालाचा कागद उलटसुलट करून बघत बोलले, "काम कुणी केलं एवढंच इथे लिहायचं असतं. शिकवलं कुणी, याला जागा नाही."

"मग मागच्या बाजूला लिहा," ती म्हणाली. "मी सही करते."

त्यांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं आणि कागद उलटा केला.

तीनला विमान ट्रॉलीवर चढलं आणि हळूहळू धावपट्टीवरून हललं. तिच्या माणसांनी टाळ्या वाजवल्या. तिने बाजूला जाऊन घरी फोन लावला. पहिल्याच घंटीला उचलला गेला.

"मागची तार उलटी होती," ती म्हणाली. "मीच तुला उलटं शिकवलं रे. समोर बसवून."



"सांगितलंस त्यांना?"

"सांगितलं."

"माझं नाव?"

"दोघांचं."

आता तो रागावेल, रडेल, निदान फोन तरी आपटेल, असं तिला वाटलं. त्यातलं काहीही ऐकायची तिची तयारी होती.

"तू पंखाखाली एकटीच गेली होतीस ना?" त्याने विचारलं. "लागलं नाही ना तुला कुठे?"

उचलबाई तिथेच, तापलेल्या धावपट्टीच्या कडेला, मटकन खाली बसली आणि ओक्साबोक्शी रडली. तिच्या माणसांना वाटलं, काम फत्ते झालं म्हणून.