वैतरणीची गाय

आमचे मामंजी, म्हणजे माझे सासरे दत्तात्रेयशास्त्री, मोक्षावर बोलायला लागले की आमच्या श्रीवर्धनच्या ओटीवर पाय ठेवायला जागा नसे. मोक्ष हा शब्द कुठून आला? 'मुच्' धातूपासून. मुच् म्हणजे सोडणे. आपण रोज 'मोकळा' म्हणतो, तोही त्याच घराण्यातला. "तेव्हा सोडा हो, सगळं सोडा!" असं म्हणून ते हात असे झटकायचे की पुढे बसलेल्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं. मी आत भांडी घासत ऐकायची. सुपारीच्या कोठीची चावी ज्यानं जन्मात जानव्यावरून सोडली नाही, तो मेला जगाला सोडायला शिकवतो! माझ्या अंगाची नुसती लाही व्हायची.

सदतीस साली दिवाळीच्या आधी ते तापानं आडवे झाले. वैद्यानं मान हलवली. शुद्धीवर होते, आणि हट्ट काय, तर वैतरणीची गाय हवी. मरताना गाय दान करायची, तिचं शेपूट हातात धरायचं, मग मेल्यावर तीच गाय म्हणे वाटेतली वैतरणी नदी पार करून देते. बरं, गायीऐवजी दक्षिणा दिली तरी भागतं, हे यांनीच गावाला शंभरदा सांगितलेलं. स्वतःची वेळ आली तेव्हा मात्र खरीखुरी गाय पाहिजे, तीही दुभती.

आमच्याकडे दुभती एकच, तांबू. तिच्यावर माझी रंगू जगत होती. सहा महिन्यांची पोर ती! बाळंतपणानंतर मला विषमज्वर झाला आणि माझं दूध आटलं. गावातल्या बाकीच्या गायीही तेव्हा आटलेल्याच होत्या. मी दाराआडून म्हटलं, "मामंजी, भटजींना दक्षिणा द्या. पोरीच्या तोंडचं काढू नका हो."

"पोरी काय, होतात आणि जातात," मामंजी डोळे मिटून म्हणाले. "परलोक एकदाच."

आमच्या ह्यांना म्हटलं, तुम्ही तरी बोला. तर म्हणाले, "बाबा आज आहेत, उद्या नाहीत. जाऊ दे ना." बापापुढे या माणसाचा आवाज कधी फुटलाच नाही. असला नवरा असून नसल्यासारखा.

तांबूला माजघरात आणली. आल्याआल्या तिनं शास्त्रीबुवांच्या उशाशी शेण टाकलं, तेवढंच काय ते मला बरं वाटलं. बाळंभटानं संकल्प सांगितला आणि शेपूट त्यांच्या हातात दिलं. मामंजींनी ते असं आवळलं की संकल्प संपला तरी मूठ उघडेना. दोघांनी मिळून बोटं उकलली, तेव्हा कुठे बाळंभट गाय-वासरू घेऊन गेला.

आणि मामंजी खडखडीत बरे झाले!

"आता तांबूला परत आणा," मी म्हटलं.

"शिव शिव! दिलेलं दान परत घेतलं तर मला गती मिळेल का?"

मग काय? आमच्याच गायीचं दूध बाळंभटाकडून नारळ देऊन आणायचं ठरलं. त्याची बायको गोदूकाकू रोज तांब्याभर द्यायची, तेही उपकार केल्यासारखं. बाकीचं त्यांच्या घरी. आणि तो तांब्या कुणाला? तर शास्त्रीबुवांना! "आजारातून उठलोय, अंगात त्राण नाही. मुलीला पेज द्या. पेजेवर काय मुलं वाढत नाहीत?"

रंगू नाही वाढली. पेज ओकायची. आधी रडायची, मग रडायचीही थांबली, नुसती बघत राहायची. हातापायांच्या काड्या झाल्या. ही पोर माझ्या हातातून जाणार असं मला दिसायला लागलं. आयुष्यात इतकी मी कधी भ्याले नाही.

एकादशीला पुन्हा ओटीवर माणसं जमली. मामंजी पाटावर बसलेले, पुन्हा तोच मुच् धातू, पुन्हा "सोडा हो, सोडा." मध्येच घसा कोरडा पडला असेल. आत हाक आली, "सूनबाई, दूध!"

मी बाहेर आले ती रंगूला कडेवर घेऊन. तांब्या आणि पोरीचं बोंडलं दुसऱ्या हातात. एवढ्या पुरुषांसमोर मी कधी आले नव्हते. तिथेच खाली बसले, पोरीला मांडीवर घेतलं आणि बोंडल्यानं तिला दूध पाजायला लागले. आधी तिला गिळवेना. मग घटाघट प्यायला लागली.

"अगं, हे काय चालवलंयस? ते माझं दूध! मला मारायला निघालीस की काय?"

"मरा की, मामंजी," मी म्हटलं. "तुमची गाय केव्हाच पुढे गेलीय. आता भीती कसली?"

आमचे हे "आत जा, आत जा" करत राहिले. मी हलले नाही. मामंजींनी तोंड उघडलं. मला वाटलं, आता शाप देतील. पण त्यांची नजर तांब्यावरून निघतच नव्हती.

"थोडं तरी ठेव गं," ते अगदी हळू म्हणाले.

मी थेंब ठेवला नाही.