बुटांकडे बघून वाजवणारी मंडळी

स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरच्या आमच्या पोर्टकेल्डी गावात कुणी डोकं वर काढलं की ते खाली दाबायला चार हात लगेच पुढे येतात. त्यात वाईट हेतू कुणाचा नसतो, ही आमची पिढीजात सवय. १९९३ साली वॉटी गेडिसच्या मॉर्व्हनने चर्चच्या हॉलमध्ये पहिल्यांदा गिटार गळ्यात अडकवून गाणं म्हटलं, तेव्हा मागच्या बाकावरून एक म्हातारा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "हिच्या बापाला ओळखतो मी." झालं. बापाला ओळखतो म्हटलं की पोरीचं कौतुक करायची गरज उरत नाही.

बापाला तर अख्खा किनारा ओळखायचा. बंदराच्या टोकाला त्याची मासे धुरावर धरायची शेड होती, आणि शनिवारी जिथे लग्न असेल तिथे वॉटी अकॉर्डियन घेऊन हजर असायचा. तीस वर्षांत त्याने पंचक्रोशीतल्या तीन पिढ्या नाचवल्या होत्या. लेकीच्या गाण्याबद्दल त्याचं मत विचारलं तर तो म्हणायचा, "आवाज मोठा आहे."

बँड जन्मला तो त्याच शेडमध्ये. मॉर्व्हन दिवसभर तिथे हॅडक मासे चिरायची. संध्याकाळी भट्ट्या विझल्या की ड्रमवाला स्ट्रुअन आणि बेस गिटारवाला इनिस यायचे. स्ट्रुअन बापाच्या मटणाच्या दुकानात काम करायचा आणि ड्रमवर त्याचा हात चालायचा तोही खिमा कुटल्यासारखाच. इनिस उंच, शिडशिडीत आणि महिन्यातून एखादं वाक्य बोलणारा. होड्या दुरुस्त करायचा कारखाना बंद पडल्यापासून तो रिकामाच होता. गाणी मॉर्व्हन लिहायची, पण इनिसने त्यांच्याखाली आपले चार सूर ठेवल्याशिवाय ती गाणी उभी राहत नसत. हे तिला पक्कं ठाऊक होतं. त्याला मात्र तिने ते कधी सांगितलं नव्हतं. आमच्याकडे असं सांगत नाहीत.

बँडचं नाव ठेवलं ड्रीख. भुरभुर पाऊस, राखाडी आभाळ, हाडात शिरणारा गारठा, आणि वर रविवार, हे सगळं एकत्र आलं की त्याला आम्ही ड्रीख म्हणतो. मंडळी वाजवायचीही नावाला शोभेल अशीच. मान खाली, केस तोंडावर, नजर स्वतःच्या बुटांवर. त्या काळी हीच फॅशन होती. गाणं संपलं तरी कुणी वर बघायचं नाही, त्यामुळे लोक टिकून आहेत की घरी गेलेत हे त्यांना सामान आवरतानाच कळायचं. शिवाय ड्रमपासून स्वेटरपर्यंत सगळ्याला धुरातल्या माशाचा वास. इनव्हर्नेसच्या बसचा ड्रायव्हर त्यांना बघितलं की म्हणायचा, "मागे जाऊन बसा पोरांनो, आणि खिडक्या उघडा."

दुसऱ्या वर्षी वसंतात ग्लासगोच्या एका छोट्या रेकॉर्ड कंपनीची मालकीण, रोना मॅकफी, त्यांना ऐकायला म्हणून इनव्हर्नेसच्या एका पबमध्ये आली. अकरा माणसं होती. तिघांनी जीव तोडून वाजवलं, अर्थात बुटांकडे बघत. शेवटी रोना जवळ आली.

"गाणी चांगली आहेत," ती म्हणाली. "पण वाजवता कुणासाठी? समोरच्यांसाठी की बुटांसाठी? बुटांसाठी असेल तर चांभाराकडे जा, माझ्याकडे कशाला?"

परतीची बस सुटली. मग इनिसने महिन्याचं वाक्य खर्च केलं.

"तेलाच्या रिगवर नोकरी मिळतेय मला. स्ट्रुअनच्या बहिणीचं लग्न झालं की त्या सोमवारी जायचंय."

मॉर्व्हनच्या तोंडातून आलं ते एवढंच, "बरं."

"बरं?"

"चांगली नोकरी आहे."

इनिसने खिडकीकडे तोंड फिरवलं. स्ट्रुअनने एकदा हिच्याकडे, एकदा त्याच्याकडे पाहिलं. "तुम्हा दोघांपेक्षा आमच्या दुकानातलं शीतगृह बरं," तो म्हणाला. "निदान दार उघडलं की दिवा तरी लागतो."

रिगवरची नोकरी म्हणजे दोन आठवडे समुद्रात आणि दोन आठवडे घरी, हे आमच्या किनाऱ्यावर शेंबड्या पोरालाही ठाऊक. म्हणजे बँडसाठी वेळ होता, प्रश्न तो नव्हताच. इनिसला वाटलं, आपण हिला नकोसे झालो. मॉर्व्हनला वाटलं, ह्याला बँड नकोसा झाला. एका वाक्यात निकाल लागला असता, पण ते वाक्य बोलायचं कुणी? दोघंही महिनाभर रोज भेटले, वाजवलं, हवामानाबद्दल बोलले आणि घरी गेले. रात्री मॉर्व्हन उशीत तोंड खुपसून रडायची. सकाळी बापाने डोळ्यांबद्दल विचारलं की ती धुराचं नाव सांगायची.

लग्न शनिवारी. गुरुवारी शेडमधल्या बर्फावरून वॉटी घसरला आणि त्याचं उजवं मनगट मोडलं. ऐन उन्हाळा, लग्नसराई. उत्तरेच्या विक गावापासून पार पर्थ शहरापर्यंत एकही नाचाचा ताफा मोकळा नव्हता. स्ट्रुअनची आई दुकानातल्या सॉसेजवर टिपं गाळत उभी राहिली. आमच्याकडे वर नसला तर लग्न एखाद्या तासाने पुढे ढकलता येतं, पण नाच नसला तर लग्न लागलं असं कुणी धरत नाही.

वॉटी गळ्यात हात अडकवून त्याच दुकानात बसला होता. "आहेत की तिघं जण," तो म्हणाला.

"बाबा, आम्हाला नाचाची एक धून येत नाही," मॉर्व्हन म्हणाली.

"दोन दिवस आहेत, आणि माझा एक हात धड आहे. बसा."

तिने हो म्हटलं ते वधूसाठी नव्हे. इनिसबरोबर शेवटचं एकदा वाजवायला मिळेल म्हणून म्हटलं. शुक्रवारी रात्रीपर्यंत वॉटी धड हाताने माशांच्या खोक्यावर ठेका धरून धुनी गुणगुणत राहिला. पोरं चार धुनी शिकली.

शनिवारी हॉल गच्च भरला. किल्टचे चौकड्यांचे घागरे घातलेले पुरुष, नव्या चपलांनी आधीच लंगडणाऱ्या बायका, टेबलांवर बटाटा-मटणाच्या स्टोव्हीजची पातेली. नवरा ग्लासगोचा, त्याची मित्रमंडळी भरपूर. पहिला नाच सुरू झाला. तिघांनी सवयीप्रमाणे माना खाली घातल्या आणि जो वेग धरला, तो घोड्यालाही झेपला नसता. चौथ्या मिनिटाला जोड्या एकमेकींवर आपटल्या आणि नवऱ्याची जेसीआत्या गरगरत जाऊन पाद्रीबाबांच्या मांडीत बसली.

व्यासपीठाच्या कडेला बसलेल्या वॉटीने धड हाताने मॉर्व्हनच्या घोट्यावर चापट मारली. "वर बघ."

"वर बघितलं तर बोटं चुकतील, बाबा."

"चुकू देत. तुझी बोटं चुकली तर कुणाला कळत नाही. त्यांचे पाय चुकले तर दात पडतात. त्यांचे पाय बघ."

मॉर्व्हनने वर पाहिलं. वर्षाहून जास्त काळ ती वाजवत होती, पण समोरची माणसं वाजवताना तिने कधी पाहिलीच नव्हती. लाल झालेले चेहरे, सुटलेल्या गाठी, धापा टाकत हसणारी जेसीआत्या, आणि पाय, शंभर तऱ्हेचे पाय. ते थकले की तिने सैल सोडलं, कोपरात कोपर अडकवून जोडी फिरली की तिने जोर दिला. मागे स्ट्रुअननेही मान वर केली आणि त्याचा हात पहिल्यांदाच खिमा सोडून ड्रमवर आला. हॉलमधून एक आरोळी उठली.

मग आला स्ट्रिप द विलो. समोरासमोर दोन लांब रांगा, आणि वरच्या टोकाची जोडी गिरक्या घेत, दर माणसाच्या कोपरात कोपर घालत खालपर्यंत जाते, मग पुढची जोडी, मग त्यापुढची. रांगा हॉलच्या दारातून बाहेर थेट गाड्या लावायच्या जागेपर्यंत गेल्या. चारही धुनी चार-चार वेळा वाजवून झाल्या.

"बाबा, धुनी संपल्या," मॉर्व्हन ओरडली.

"रांग संपली का?"

"नाही."

"मग वाजव. शेवटची जोडी खाली पोचल्याशिवाय हात थांबवायचा नसतो."

तिचा हात अडखळला. तेवढ्यात मागून बेसचे चार सूर आले. बंद पडलेल्या कारखान्यावरचं तिचं गाणं, बँडचं सगळ्यात रडकं गाणं. इनिसने ते नाचाच्या ठेक्यात धरलं होतं. तिने वळून पाहिलं. इनिसने मान हलवली, गा म्हणून. एरवी ती अमेरिकन वळण देऊन गायची, कारण रेडिओवर सगळे तसेच गायचे. आता धाप लागलेली असताना वळण कोण देतंय. तोंडातून आली ती शुद्ध पोर्टकेल्डीची बोली, माशाचा बाजार जसा बोलतो तशी. दुसऱ्या कडव्याला रांगेतली माणसं तिच्याबरोबर ओरडू लागली. त्यातल्या निम्म्यांची नोकरी त्याच कारखान्यात गेली होती, आणि ती माणसं नाचत होती. मॉर्व्हनला वाटलं, हे गाणं आपण लिहिलं ते ह्याचसाठी, आणि आपल्यालाच ते माहीत नव्हतं.

उत्तरेकडचा उन्हाळा, रात्रीचे नऊ वाजले तरी बाहेर लख्ख ऊन होतं. मध्यंतरात इनिस बंदराच्या कठड्यावर जाऊन बसला. मॉर्व्हन त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. इतक्या माणसांपुढे गाताना जितकी भीती वाटली नव्हती तितकी आता वाटत होती.

"मला तू बँडमध्ये हवा आहेस," ती म्हणाली. "तू नसलास तर माझी गाणी म्हणजे कागदावरची कुरकुर. हे बसमध्येच सांगायचं होतं. तोंडातून 'बरं' आलं."

इनिस कठड्यावरून खाली उतरला.

"सही केली आहे मी. आईचं घर चालवायला हवं, जावं लागणारच," तो म्हणाला. "पण महिन्यातले दोन आठवडे मी घरीच असणार. त्या दोन आठवड्यांत हवाय का मी?"

"एवढं विचारायला महिना लागला तुला?"

"तुला 'हवा आहेस' म्हणायला कमी लागला का?"

स्ट्रुअन स्टोव्हीजची ताटली घेऊन मागे उभा होता. "झालं तुमचं?" तो म्हणाला. "मी इकडे ड्रम विकायची जाहिरात देऊन बसलोय. उद्या गिऱ्हाईक यायचंय, त्याला आता तुम्हीच तोंड द्या."

पुढचं सगळं त्या लग्नातून निघालं. नवऱ्याचे दोन मित्र ग्लासगोच्या विद्यार्थ्यांच्या हॉलमध्ये कार्यक्रम ठरवायचे. त्यांनी ड्रीखला बोलावलं. मग एडिंबरा, डंडी, ॲबरडीन. मॉर्व्हन आता समोर बघून गायची, आपल्या बोलीत गायची, आणि शेवटचं गाणं लोक रांगा करून नाचल्याशिवाय संपायचं नाही. एका कार्यक्रमाला रोना मॅकफी आली. दाराशी हाताची घडी घालून उभी राहिली, तिसऱ्या गाण्याला कुणीतरी तिला रांगेत ओढलं, आणि टाच तुटलेला बूट हातात घेऊनच ती त्यांना भेटायला आली. "आता चांभाराकडे मलाच जावं लागणार," ती म्हणाली. तिने रेकॉर्ड काढली. ती रेडिओवर वाजली, दुकानांतून संपली, पुन्हा काढावी लागली.

गंमत वर्तमानपत्रांची झाली. हा बँड दोन आठवडे दिसतो आणि दोन आठवडे गायब होतो, ह्यावर लंडनच्या एका शहाण्याने पानभर लिहिलं. मौन हाच म्हणे त्यांच्या कलेचा गाभा. पोर्टकेल्डीत तो कागद मटणाच्या दुकानात चिकटवला होता आणि त्या आठवड्यात लोक सॉसेजपेक्षा तो वाचायलाच जास्त येत होते.

लग्नानंतर तीन वर्षांनी ग्लासगोचा जुना मोठा डान्स हॉल. दोन हजार तिकिटं दुपारीच संपली. वॉटी पहिल्या रांगेतली खुर्ची मागत होता, आणि तिथे खुर्च्या नसतात हे त्याला पटत नव्हतं. दुपारी आवाज तपासायच्या वेळी रोनाने मॉर्व्हनच्या हातात एक पत्र दिलं. एका मोठ्या बँडबरोबर युरोपचा दौरा, सलग सहा आठवडे. उत्तर आजच हवं.

सहा आठवडे दोन आठवड्यांत मावत नाहीत, हे कळायला शाळा शिकावी लागत नाही. पूर्वीची मॉर्व्हन असती तर पत्र खिशात घालून "बरं" म्हणाली असती. ती सरळ इनिसकडे गेली. तो मंचावर गुडघे टेकून बेसच्या तारा बांधत होता.

"सहा आठवड्यांचा दौरा आलाय," ती म्हणाली. "मला जायचंय. तुझ्याशिवाय जायचं नाही. तुझी नोकरी आहे, आई आहे, मला कळतं. नाही म्हणालास तर नाही कळवते, आणि मनात राग ठेवणार नाही. पण विचारल्याशिवाय राहणार नाही."

इनिसने तार बांधून पूर्ण केली.

"मंगळवारी राजीनामा दिला मी," तो म्हणाला.

"पत्र तर आज आलं."

"पत्राचं मला काय ठाऊक. समुद्रात पंधरा दिवस बसून मी दुसरं करतो काय? डोक्यात तुझीच गाणी. आईला विचारलं. ती म्हणाली, इतकी वर्षं कशाची वाट बघत होतास?"

"आणि मंगळवारपासून आजपर्यंत तू मला सांगितलं नाहीस?"

"सांगणार होतो," इनिस म्हणाला. "शब्द जुळवत होतो."

मॉर्व्हनला हसू आणि रडू एकदमच आलं. तिने त्याला भर मंचावर, दिवे लावणाऱ्या पाच माणसांदेखत आणि खाली खुर्ची शोधणाऱ्या बापासमोर, घट्ट मिठी मारली. पोर्टकेल्डीत असं करत नाहीत. इनिसने हात कुठे ठेवायचे ते ठरवायला थोडा वेळ घेतला, आणि मग त्यानेही मारली.