हळू ऐकणाऱ्या आईची तक्रार

मी तक्रार क्रमांक दोनशे सात बोलते आहे. घडल्या प्रकारातला माझा दोष आधी सांगते: मी अर्धवट जन्मले. ‘मध्येच गप्प बसतं,’ या तीन शब्दांपलीकडे माझ्यात काहीही नव्हते.

मला लिहिले कपडे शिवणाऱ्या एका लेकीने. तिच्या आईची दृष्टी गेली होती. पुस्तक मोठ्याने वाचून दाखवणारी, विनामूल्य मिळणारी एक संगणकप्रणाली हीच आईची सोबत. पाच-सहा हौशी माणसे आपापली नोकरी सांभाळून, बिनपगारी, ती घडवत. आलेल्या तक्रारी एका यादीत उभ्या राहत. तिथे मीही उभी राहिले.

प्रणालीचा मूळ कर्ता औषधांच्या दुकानात कामाला होता. सगळे त्याला दादा म्हणत. दुपारच्या सुट्टीत त्याने एक प्रकरण ऐकले आणि माझ्याखाली शेरा मारला, “माझ्याकडे तर पोपटासारखं बोलतंय!” बाकीच्यांनीही माना डोलावल्या. ‘दोष आढळत नाही’ अशी चिठ्ठी माझ्या कपाळी आली. साठ दिवस कोणी काही लिहिले नाही, तर यंत्र तक्रार परस्पर बंद करी. यंत्राला ना दया, ना द्वेष. त्याला फक्त तारीख कळते.

अठ्ठावन्नाव्या दिवशी तक्रारी निवडणाऱ्या ग्रंथपालबाई माझ्यापाशी थांबल्या. त्यांनी लेकीला विचारले, “अगं, नेमकं काय होतं? आई खुर्चीत बसते तिथपासून लिही.”

लेकीने अक्षरशः तसेच लिहिले. “आई खुर्चीत बसते. सवयीनं चष्मा पुसते. मी वेग सगळ्यात हळू ठेवते. लांब वाक्य आलं, की आवाज बंद. आता तिनं ऐकणंच सोडलंय. म्हणते, पुस्तकानं माझ्याशी अबोला धरला.”

“दादा, तू कोणत्या वेगानं ऐकलंस?” बाईंनी विचारले.

“दुप्पट. वेळ कुणाला आहे?”

“आणि बाकीचे?”

“तेही दुप्पटच.”

“मग एकदा त्या आईसारखं, सगळ्यात हळू ऐक.”

दादाने ऐकले. तासाभराने त्याचे उत्तर आले, “बाई, चोर घरातच निघाला. एक वाक्य पंधरा सेकंदांत संपलंच पाहिजे, अशी मर्यादा मीच घातली होती. हळू वेगात लांब वाक्य तेवढ्यात संपत नाही आणि आवाज तुटतो. काढून टाकली.”

उपाय लागू पडतो की नाही, म्हणून दोन दिवस मी जीव मुठीत धरून होते. मग लेकीचा निरोप आला, “आईनं आज अख्खं प्रकरण ऐकलं. म्हणाली, दमलं होतं बिचारं, आता बरं आहे त्याला.”

केवढे हायसे वाटले! मी बंद झाले, पण माणसाच्या हाताने.

त्याच दिवशी माझ्याच खाली ठरले, की यंत्राने कोणतीही तक्रार परस्पर बंद करायची नाही आणि ‘दोष आढळत नाही’ असे लिहिण्यापूर्वी एकदा सर्वांत हळू वेगाने ऐकायचे. बाईंनी मांडले, दादाने मान्य केले, इतर कोणी हरकत घेतली नाही. शेवटी लेकीने लिहिले, “आईलाही मान्य आहे. फक्त म्हणते, घाई करू नका.”