साक्षीदार आजोबा

"उद्या प्रत्येकाने घरातली एक जुनी वस्तू आणायची," चौथीच्या बाई म्हणाल्या. "तुमच्यापेक्षा वयाने मोठी हवी. आपण वर्गात आपल्या गल्लीचं संग्रहालय मांडणार आहोत."

भिंगरीने संध्याकाळभर घर पालथं घातलं. तिला भिंगरी म्हणायचे ते काही उगाच नाही. एका जागी बसणं तिला ठाऊकच नव्हतं. पण माळा झाला, पलंगाखालचं झालं, कपाटाच्या वरचं झालं, तरी हाताला काही लागेना. गेल्या वर्षी ते ह्या दोन खोल्यांच्या घरात राहायला आले, तेव्हा आईने सगळी अडगळ काढून टाकली होती.

"आई, आपल्याकडे माझ्यापेक्षा जुनं काय आहे?"

आई भांडी विसळत होती. "मी आहे, बाबा आहेत. आणि सगळ्यांत जुने तुझे आजोबा."

आई आपली चेष्टेत बोलून गेली. भिंगरीने मात्र ते उचलून धरलं.

दुसऱ्या दिवशी ती आजोबांचं बोट धरून वर्गात आली. आजोबा गुळगुळीत दाढी करून, कडक इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. ते बसकंडक्टर म्हणून निवृत्त झालेले, त्यामुळे दारातून आत येताच सवयीने म्हणाले, "चला, आत सरका, आत सरका." वर्ग खिदळला.

टेबलावर पितळी कुलूप, तबकडी फिरवायचा टेलिफोन, काच तडकलेला कंदील, शिलाई मशीनचं चाक अशा वस्तू मांडल्या होत्या. प्रत्येकीपुढे पुठ्ठ्याची चिठ्ठी. भिंगरीने टेबलाशेजारी खुर्ची ओढली, आजोबांना बसवलं आणि त्यांच्या खिशाला चिठ्ठी टाचली : "आजोबा. खूप जुने. हात लावू नये."

"हरकत आहे!" पहिल्या बाकावरून आवाज आला. तो वकील. चष्म्याआडून डोळे वटारून बोलणारा हा मुलगा प्रत्येक वाक्य 'पण नियम' ह्या शब्दांनी सुरू करायचा, म्हणून सगळा वर्ग त्याला वकील म्हणायचा. "पण नियम असा आहे की वस्तू आणायची. आजोबा वस्तू नाहीत."

"आहेत!" भिंगरी म्हणाली.

"मी जरा बोलू का?" आजोबांनी विचारलं.

"वस्तूला बोलता येत नाही," वकील म्हणाला. "बोललात तर तुम्ही बाद."

आजोबांनी तोंड घट्ट मिटून घेतलं. बाई तोंडावर रुमाल धरून खिडकीकडे वळल्या. त्यांचे खांदे हलत होते. संग्रहालयाचे नियम मुलांनीच केले होते आणि भांडण झालं तर सगळ्यांनी मिळून सोडवायचं, हाही त्यातलाच एक नियम होता. मग चर्चा झाली. कुणी म्हणालं, आजोबांना रात्री कपाटात कसं ठेवणार? कुणी म्हणालं, त्यांना डबा लागेल. आजोबा एवढा वेळ गप्प बसले होते, पण शेवटी त्यांना एक सणसणीत शिंक आली आणि प्रश्न मिटला.

भिंगरीचे डोळे भरून आले. तिच्याकडे आणायला दुसरं काहीच नव्हतं. ते पाहून बाई म्हणाल्या, "आजोबा वस्तू नाहीत हे खरं. पण जुन्या गोष्टी फक्त वस्तूंतूनच कळतात का? ज्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय, त्याला काय म्हणतात?"

"साक्षीदार," वकीलच म्हणाला. आणि मग, आपण भलतंच बोलून बसलो हे लक्षात येऊन त्याने जीभ चावली.

तर अशा रीतीने आजोबा साक्षीदार झाले आणि रोज मधल्या सुट्टीनंतर वर्गात येऊ लागले. मुलं जमिनीवर खाकी कागद जोडून मोठा नकाशा करत होती. आजोबा तरुण असताना शाळेसमोरचा रस्ता कसा दिसायचा, त्याचा. रिकाम्या खोक्यांची घरं झाली, काड्यापेट्यांची दुकानं झाली. आजोबा खुर्चीवरून सांगायचे, "इथे छापखाना. त्याच्यापुढे दोन दुकानं सोडून लाँड्री. आता बस मागच्या रस्त्याने जाते, पण तेव्हा माझी बस ह्याच रस्त्याने जायची. छापखान्यापुढे स्टॉप. तिथे मी अशी शिट्टी मारायचो." आणि ते दोन बोटं तोंडात घालून अशी शिट्टी मारायचे की शेजारच्या वर्गातले सर डोकावून जायचे. पोरं त्यांच्यावर फिदा होती.

वकिलाला हे बघवेना. एके दिवशी तो आपल्या आजीला घेऊन आला. ती सरकारी दवाखान्यात नर्स होती. आता गुडघे दुखायचे, तरी पाठ ताठ आणि नजर कडक. तिने नकाशाभोवती एक फेरी मारली आणि बोट रोखलं.

"हा बसस्टॉप चुकलाय. स्टॉप लाँड्रीपुढे होता. मी रोज सकाळी तिथेच उतरायचे."

"वहिनी, मी त्या बसचा कंडक्टर होतो," आजोबा म्हणाले.

"आणि मी त्या बसमधून उतरत होते. चालत्या बसमधून नाही, थांबलेल्या."

वर्गात एकदम दोन तट पडले. "मत घ्या, मत घ्या!" असा गलका झाला. भराभर हात वर झाले. आजोबांच्या बाजूने हातांचं रान उभं राहिलं. आजीच्या बाजूने वकील, आणि त्याच्याशेजारी बसणारा एक भित्रा मुलगा, त्याचाही हात अर्धाच. भिंगरीने बाकावर उभं राहून टाळ्या पिटल्या. आजोबांनी विजयाची शिट्टी मारली.

वकिलाचं तोंड एवढंसं झालं. "पण... पण माझी आजी खोटं बोलत नाही," तो म्हणाला आणि नियमाचं नावही न घेता रडायलाच लागला.

बाईंनी त्याला जवळ घेतलं. मग वर्गाला विचारलं, "उद्या सगळ्यांनी हात वर करून ठरवलं की शाळेच्या मागे समुद्र आहे, तर येईल का तिथे समुद्र?"

कुणी हसलं नाही. सगळे विचारात पडले.

"सहलीला कुठे जायचं, हे आपण मतं घेऊन ठरवू शकतो. पण स्टॉप कुठे होता, ते? ते तर होऊन गेलंय. ते शोधावं लागेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळी वरात रस्त्यावर निघाली. एकाच्या हातात मोजपट्टी, एकीच्या हातात भिंग, दोघांकडे खराटे. मागून आजोबा आणि आजी, एकमेकांपासून चांगलं अंतर राखून. छापखान्यापुढच्या फुटपाथवर नव्या कोऱ्या फरशा होत्या. मुलांनी झाडून, वाकून, भिंग लावून पाहिलं. काही नाही.

"म्हणजे आजोबा हरले!" वकील म्हणाला.

"इथे फरशा नव्या आहेत," बाई म्हणाल्या. "आपल्याला सापडलं नाही, एवढंच कळलं. पुढे चला."

लाँड्रीपुढे मात्र जुनेच दगड होते. लाँड्रीवाले काका आत इस्त्री करत होते आणि बाहेर फुटपाथवर मळक्या कपड्यांचं मोठं लाकडी खोकं ठेवलेलं होतं. भिंगरी सवयीने सगळ्यांच्या पुढे पळाली होती. ती खोक्याशी उकिडवी बसली. खोक्याच्या एका कोपऱ्याखालून लोखंडाची गोल कड डोकावत होती. जमिनीलगत कापून टाकलेला पाइप. आत सिमेंट भरलेलं, आणि कडेला लाल रंगाची खपली.

हा स्टॉपचाच खांब, हे भिंगरीला कळलं. तिने इकडे तिकडे पाहिलं. आणि हळूच उभी राहून त्या कडेवर आपला पाय ठेवला.

मुलं आली. दगड झाडून झाले, भिंत तपासून झाली. भिंगरी तिथेच. जन्मात कधी नाही ती एका जागी उभी. "इकडे मी बघितलंय," ती म्हणाली. "काही नाही."

ऊन चढायला लागलं होतं. आजीने गुडघ्यावर हात टेकला. "जाऊ दे रे," ती नातवाला म्हणाली. "माझीच आठवण चुकली असेल. वय झालं आता."

 वकिलाने आजीचा हात धरला, मग सोडला आणि चष्मा काढून बाहीने पुसायला लागला.

भिंगरीला तो चष्मा बघवला नाही. पायाखाली निखारा असावा तसं तिला झालं. तिने पाय उचलला.

"बाई," ती म्हणाली, "इथे काहीतरी आहे."

मग एकच झुंबड उडाली. खोकं सरकवलं गेलं. गलका ऐकून काका बाहेर आले. "अरे, ते कशाला काढलंत? रोज ठेचाळतो मी त्याला, म्हणून तर वर खोकं ठेवलंय. स्टॉपचा खांब होता तो, माझ्या वडिलांच्या वेळचा. बस मागच्या रस्त्याने जायला लागली तेव्हा कापून नेला."

"काका, मग आधी का नाही सांगितलंत?" वकील ओरडला.

"मला कुणी विचारलं का? मला वाटलं, फुटपाथ झाडायला आलात."

बाईंनी कपाळाला हात लावला आणि खळखळून हसल्या. पहिल्याच दिवशी येऊन विचारायला हवं होतं, हे त्यांच्याही डोक्यात आलं नव्हतं.

आजोबांनी शेवटचा प्रयत्न करून पाहिला. "बस जरा मागेच थांबायची कधीकधी..."

आजीने नुसतं पाहिलं.

"बरं, चुकलं माझं," आजोबा म्हणाले. "ह्या रस्त्यावरून इतक्या फेऱ्या मारल्या आणि छापखाना डोक्यात कुठून बसला कोण जाणे."

घरी जाताना भिंगरी आजोबांचं बोट धरून चालत होती. घराजवळच्या वळणावर ती म्हणाली, "आजोबा, रागावलात?"

"नाही गं."

"मी आधी त्यावर पाय ठेवला होता."

"पाहिलं मी."

भिंगरी थबकली. "मग तुम्ही बोलला का नाहीत?"

आजोबांनी मान खाजवली. म्हणाले, "म्हटलं, पोरगी झाकतेय तर झाकू दे. सगळ्या वर्गासमोर हरायचं मलाही जिवावर आलं होतं." मग म्हणाले, "तू पाय उचललास, बरं झालं. नाहीतर त्या वहिनींना उद्या तोंड दाखवायची लाज वाटली असती मला."

भिंगरीने त्यांच्या दंडावर गाल घासला. तिला एकदम फार हलकं वाटलं आणि जोरात भूक लागली.

नकाशावरचा स्टॉप दुसऱ्याच दिवशी लाँड्रीपुढे सरकला. तो सरकवायचा मान वकिलाचा होता, पण त्याने डिंकाची बाटली भिंगरीच्या हातात दिली. स्टॉपची चिठ्ठी दोघांनी मिळून लिहिली. प्रदर्शनाला पालक आले तेव्हा आजोबा आणि आजी नकाशाच्या दोन बाजूंना बसून माहिती देत होते, आणि एकाचं वाक्य दुसऱ्याने दुरुस्त केल्याशिवाय पुढे जात नव्हतं. लोकांना मूळ माहितीपेक्षा त्या दुरुस्त्याच जास्त आवडल्या.

त्या कापलेल्या खांबाचं पुढे काय करायचं, हाही प्रश्न होताच. कुणी ठेचाळू नये म्हणून त्याभोवती रंगाचं ठळक कडं काढायचं ठरलं. काका तयार झाले. बाईंनी नगरपालिकेच्या कार्यालयातून परवानगी आणली, मुलांना बरोबर नेऊनच. तिथल्या साहेबांना वकिलाने इतके प्रश्न विचारले की त्यांनी घाईघाईने सही केली.

"कोणता रंग?" बाईंनी वर्गात विचारलं. "ह्याला मात्र मतं घ्यायची."

वकिलाला पिवळा हवा होता, कारण पिवळा लांबून दिसतो. भिंगरीला जांभळा हवा होता, कारण जांभळा तिला आवडतो. जांभळा जिंकला. वकिलाने फेरमतमोजणी मागितली. तिच्यातही जांभळाच जिंकला.

"मी पिवळ्याला हात वर केला होता, तो धरला का?" मागच्या खुर्चीवरून आजोबांनी विचारलं.

"आजोबा, मत फक्त चौथीच्या मुलांना," भिंगरी म्हणाली. "तुम्ही फार तर ब्रश धुऊन द्या."

आजोबा कुरकुरत उठले आणि बादली शोधायला निघाले.