मालगाडीची बारा मिनिटं

महेंद्रने वेळापत्रकातल्या एका ओळीवर रबर घासलं. कातळवाडी स्टेशनात मालगाडीला बारा मिनिटांचा थांबा. पुढची लाइन मोकळी असताना गाडी उभी कशाला? एकतीस वर्षं स्टेशन मास्तरकी केलेल्या माणसाला ही चूक कधीच पटली नव्हती. पण वेळापत्रक बायकोने, विमलाने बसवलेलं. विचारलं की ती म्हणायची, "असू दे हो. तिला जरा दम खाऊ दे."

विमला जाऊन आठ महिने झाले होते. मांडवीच्या घरात पुढच्या खोलीतल्या मोठ्या टेबलावरची छोटी रेल्वे तेव्हापासून चादरीखाली होती. आज रविवारी दुपारी चादर निघाली. गाड्या चालवायला जुना दोस्त दादू आला, कातळवाडी सांभाळायला शेजारची तेजल. कंट्रोलच्या खुर्चीत विमला बसायची. आज तिथे महेंद्र बसला.

गाड्या चोख धावल्या. आधी पुढच्या स्टेशनाकडे लाइन क्लिअर, म्हणजे गाडी सोडायची परवानगी मागायची, मिळाली की वहीत वेळ लिहायची, मगच सिग्नल. डबे वीतभर असले तरी नियम खरेच. मालगाडी कातळवाडीहून न थांबता पुढे गेली, तिच्यामागे पॅसेंजर, समोरून एक्स्प्रेस. दोन तासांत सगळं वेळापत्रक संपलं. एका मिनिटाचाही उशीर नाही.

दादूने कंबर दाबली.

"म्हेंद्रा, खऱ्या इंजिनावर पण एवढी ड्यूटी नाय केली रे मी."

"गाड्या वेळेवर आल्या ना?"

"गाड्या आल्या. माणसं दमली, त्याचं काय?"

तेजलने खुंटीवरची पर्स काढली. "छान झालं, काका. पुढच्या रविवारी बघते हं. जमलं तर येते."

जमलं तर. पूर्वी या दोघांना घरी जा म्हणून सांगावं लागायचं. ही दोघं आली नाहीत तर चादर पुन्हा पडणार, हे महेंद्रला कळत होतं.

"दादू, कातळवाडीला मालगाडी उभी असायची, तेव्हा आपण काय करायचो?"

"काय करणार? वहिनी चहा आणायच्या. आम्ही तुझी टिंगल करायचो."

"आणि बाकीच्या गाड्या?"

"त्या पण उभ्याच की."

महेंद्रने वेळापत्रक पुढे ओढलं आणि ओळींवरून बोट फिरवलं. त्या थांब्याच्या वेळी एक्स्प्रेस एका टोकाला उभी, पॅसेंजर दुसऱ्या टोकाला. सगळ्या दोन तासांत तेवढी बाराच मिनिटं अशी, की कुणाच्याच हाताला काम नाही.

त्याने पेन्सिल बाजूला ठेवली आणि पेनाने थांबा पुन्हा लिहिला.

"मालगाडी मागे घे, दादू. कातळवाडीत उभी कर."

"अरे, लाइन मोकळी आहे पुढची!"

"असू दे."

तो आत गेला. भांडं गॅसवर ठेवल्याचा आवाज आला. मग त्याने हाक मारली, "तेजल, तुला साखर किती गं?"

सहा वर्षं ती या घरात विमलाच्या हातचा चहा पीत होती. तिने दादूकडे पाहिलं आणि पर्स परत खुंटीला अडकवली.

"दीड चमचा, काका."