वरची चिमूट

लातूरच्या गंजगोलाईत मलप्पांचं काष्ठौषधींचं दुकान होतं, तेव्हा तिथं तराजूकडं कुणी बघत नसे. गिऱ्हाईक यायचं, बाकावर टेकायचं, गुडघ्यापासून सुनेपर्यंत सगळी दुखणी सांगायचं आणि मलप्पा तिकडं सुंठ, मेथी, ओवा तोलत असायचे. तोलून झालं की बरणीत पुन्हा बोटं घालून एक चिमूट वरून टाकायची आणि मगच पुडी बांधायची, ही त्यांची रीत. त्या वरच्या चिमटीवर सगळं दुकान उभं होतं म्हटलं तरी चालेल. नळेगावच्या गौरम्मा तर तराजूकडं पाठ करून रस्ता बघत बसायच्या आणि पुडी हातात पडली की तशीच पिशवीत टाकायच्या.

मलप्पा गेले आणि गादीवर त्यांचा मुलगा संगमेश्वर बसला. हा माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं, नंतर कुणाचा विश्वास बसायचा नाही. आळशी नव्हता, मापात मारत नव्हता. त्याला फक्त आपल्या दुकानाची लाज वाटायची. समोरच्या मेडिकलला काचेचं दार होतं, आत गारवा होता, आणि इकडं गोणपाट, मुळ्या, साली आणि बापाच्या वेळच्या चिनी मातीच्या बरण्या. माणसाला नको त्या गोष्टीची लाज वाटायला लागली की खऱ्या लाजेची वेळ फार लांब नसते.

अशात नांदेडचा एजंट नरसिंग एक पांढरा प्लास्टिकचा डबा घेऊन आला.

"अण्णा, हळदच हाय ही," तो म्हणाला. "पन लॅबमधी हळदीतलं नेमकं काढून घेतलंय. पोतंभर हळद खाऊन जे व्हायचं न्हाई ते हिच्या चिमटीत होतंय. वरून मिऱ्याचा अर्क घातलाय, म्हंजे अंगात बराबर जिरतंय. गुडघ्याला तर रामबाण! नांदेडला लोक रांगा लावून नेऊन राहिलेत."

डब्यावर बारीक अक्षरात सूचना होत्या. मोजूनच घ्या, दिलेल्या मापापेक्षा जास्त घेऊ नका, यकृताचा त्रास असेल किंवा इतर औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारा. संगमेश्वरनं चष्मा लावून त्या सगळ्या वाचल्या. हळद खायला डॉक्टरला कोण विचारतं, असं म्हणून तो हसलाही.

पण डबा खपेना. "केमिकल दिसतंय रे," असं म्हणत गिऱ्हाईक नाक मुरडायचं. मग संगमेश्वरनं ते केलं, जे पुढं आयुष्यभर त्याला आठवणार होतं. त्यानं ती पावडर बापाच्या हळदीच्या बरणीत ओतली आणि डबा भंगारात दिला. बरणीतून निघालेल्या मालाला कुणी नाक मुरडलं नाही.

गौरम्मा गुडघ्यासाठी मलप्पांची सुंठ-मेथी-हळदीची पुडी वर्षानुवर्षं नेत होत्या. त्या आल्या तेव्हा संगमेश्वर म्हणाला, "मावशी, ह्या बारीला ही न्या. हळदच हाय, जरा जोरातली. लिंगपूजा झाली की दुधातून चिमूटभर घ्या."

गौरम्मा नेहमीसारख्या रस्त्याकडं बघत होत्या. त्यानं पावडर तोलली आणि हात सवयीनं पुन्हा बरणीत गेला. चिमूट वर पडली. बरणी मलप्पांची, रीत मलप्पांची, माल तेवढा त्यांचा नव्हता.

गुडघे खरोखरच मोकळे झाले. गौरम्मा बसमधून एकट्या उतरायला लागल्या आणि ज्याला त्याला संगूचं नाव सांगायला लागल्या. एका चिमटीच्या दोन झाल्या, पुढं चमचा आला. पुडी लवकर संपते हे संगमेश्वरच्या ध्यानात आलं नव्हतं असं नाही. पण कौतुक कुणाला नको असतं! "जास्त घेतली तर चालंल का रं?" असं त्यांनी एकदा सरळ विचारलं होतं. "चालतंय की मावशी, हळदच हाय," असं त्यानं तितकंच सरळ सांगितलं होतं.

मग एका सकाळी गौरम्मांच्या मुलाचा, चंद्रप्पाचा फोन आला. अव्वाला, म्हणजे आईला, कावीळ झाली होती. डोळे पिवळेजर्द, अन्नावर वासना नाही, लातूरच्या एका दवाखान्यात भरती केलं होतं. पाणी खराब असेल, कावीळ काय कुणालाही होते, असं स्वतःला समजावत संगमेश्वर शहाळं घेऊन तिथं पोचला.

"ये संगू," गौरम्मा खाटेवरून म्हणाल्या. "बघ, म्हातारपनी हळद लागली मला!"

सगळे हसले. संगमेश्वरही हसला. आपण तिथं हसलो होतो, हे आठवलं की अजूनही त्याचे कान तापतात.

तेवढ्यात डॉक्टर आल्या. लुंबिनी त्यांचं नाव, वयानं लहान, बोलणं मोजकं. त्यांनी चंद्रप्पाला विचारलं, "बाहेरचं काही औषध चालू होतं? झाडपाला, चूर्ण, गोळ्या?"

"कायबी न्हाई मॅडम. सगळं घरचंच."

"हळदीचं दूध तेवढं घेतात," गौरम्मांची सून स्वप्नाली म्हणाली.

"त्यानं काही होत नाही," असं म्हणून डॉक्टर पुढच्या खाटेकडं वळल्या.

संगमेश्वर शहाळं धरून उभा होता. आत्ताच बोलायला हवं होतं, हे त्याला कळत होतं. पण शेजारच्या खाटेपाशी गंजगोलाईतला एक ओळखीचा आडत्या बसला होता. मॅडमना बाहेर गाठून हळूच सांगू, असं त्यानं ठरवलं. चारचौघांत आपली अब्रू कशी राखायची, एवढाच विचार त्याच्या डोक्यात होता. समोर एक बाई पिवळी पडून निजली होती आणि हा अब्रूचा हिशेब करत होता.

इतक्यात स्वप्नालीनं उशीखालून पुडी काढली. त्याच्याच दुकानाचा कागद, त्याच्याच हातची गाठ. तिनं दुधाच्या पेल्यात चमचाभर पावडर ढवळली.

"अशक्तपना लई आलाय, म्हनून जरा जास्तच देऊन राहिले," ती त्याला म्हणाली. त्याला बरं वाटेल अशा समजुतीनं म्हणाली.

गौरम्मांनी पेला आधी कपाळाला लावला, मग ओठाशी नेला.

"मावशी, नका!" संगमेश्वर पुढं झाला. पेला हिसकावताना दूध चादरीवर सांडलं. "ती हळद न्हाई."

डॉक्टर परत आल्या. काय आहे, कुठून आणलं, केव्हापासून, हे त्या विचारत गेल्या आणि तो मान खाली घालून सांगत गेला.

"किती घ्यायला सांगितलं होतं?"

"चिमूटभर."

"चिमूट म्हणजे किती?"

जन्म तोलण्यात गेलेल्या त्या माणसानं चिमूट कधी तोलली नव्हती. "आमच्यात चिमूट म्हंजे... चिमूटच," तो पुटपुटला.

"तुमची चिमूट की यांची?" डॉक्टर चिडल्या नव्हत्या. चिडल्या असत्या तर त्याला सोपं गेलं असतं. "स्वयंपाकातली हळद वेगळी. हा अर्क आहे, आणि तो अंगात जास्त मुरावा अशी सोय केलेला. पुष्कळांना काही होत नाही, काहींचं यकृत ते सोसत नाही. कुणाचं, ते आधी कळत नाही. म्हणून तर डब्यावर लिहितात. काय लिहिलं होतं डब्यावर?"

माहीत नव्हतं, इंग्रजी कळलं नाही, असं काहीही म्हणता आलं असतं.

"वाचलं होतं मी," संगमेश्वर म्हणाला.

चंद्रप्पा मुठी आवळून पुढं आला. तो मारेल तर बरं होईल, असं संगमेश्वरला मनापासून वाटलं. पण गौरम्मांनी खाटेवरूनच मुलाचा हात धरला.

"ऱ्हाऊ दे रं. त्येच्या हातानं वंगाळ व्हायचं न्हाई. मलप्पाचा हात हाय त्यो."

हे ऐकून संगमेश्वर तिथून निघाला तो शहाळ्यासकट बाहेर आला. पायरीवर बसून तो रडला, आणि रडतानाही कुणी ओळखीचं बघत नाही ना, म्हणून त्यानं इकडं तिकडं पाहिलं. त्या पाहण्याचीही त्याला लाज वाटली.

पुडी बंद झाली आणि गौरम्मांचे डोळे हळूहळू निवळले. इकडं संगमेश्वरनं उरलेली पावडर औषध प्रशासनाच्या माणसांच्या हवाली केली, काय केलं ते त्यांना लिहून दिलं आणि आठवतील त्या गिऱ्हाइकांना फोन लावले. उदगीरच्या गुंडप्पांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मला तर लई गुन आलाय. राह्यली असंल तर ठिव जरा." त्यांना समजावता समजावता त्याच्या नाकी नऊ आले.

पोळा झाल्यावर एका सकाळी गौरम्मा स्वतः दुकानात आल्या. वाळल्या होत्या, पण बोलणं तेच. सुनेनं नको म्हटलं तरी आले, तुझ्या अप्पापासूनचं दुकान हाय, सोडून कसं चालंल, असं म्हणत त्या बाकावर बसल्या. त्यांना फोडणीसाठी ओवा हवा होता. त्या नातवाचं सांगत होत्या, गावातल्या लग्नाचं सांगत होत्या, मागचा एक शब्द त्यांनी काढला नाही. त्यांच्या मनात काही नव्हतंच, हे संगमेश्वरला स्पष्ट दिसत होतं.

त्यानं ओवा तोलला. हात सवयीनं बरणीकडं गेला आणि काठावरच थांबला.

लग्नाची गोष्ट मधेच थांबली होती. त्यानं वर पाहिलं. गौरम्मा रस्त्याकडं बघत नव्हत्या. बाकावर वळून, मान पुढं काढून त्या त्याच्या बोटांकडं बघत होत्या, मग तराजूच्या काट्याकडं. आपण असं बघतोय, हे त्यांचं त्यांनाही कळलं नसावं.

त्यानं हात मागं घेतला आणि त्यांचं बघून होईपर्यंत पुडी बांधली नाही.